दारची सदाफुली: कुठून आली, काय देऊन गेली



आज आम्ही एका फुलझाडाचा इतिहास सांगणार आहोत. राजांचा आणि लढायांचा इतिहास आपण शाळेत शिकलो, सनावळ्या पाठ केल्या, परीक्षा झाली की विसरूनही गेलो. पण आपल्या दारात, तुळशीवृंदावनाच्या कडेला, मोरीच्या पाण्याच्या वाटेवर, भिंतीच्या फटीत जे झाड कोणी न लावता उगवतं, त्याचा इतिहास कोणी सांगितला नाही. ते झाड म्हणजे सदाफुली. गुलाबी किंवा पांढरी, पाच पाकळ्यांची, बाराही महिने फुलणारी. तिच्याकडे कोणी वळूनही बघत नाही, आणि तिनं मात्र लाखो लेकरांचे जीव वाचवले आहेत. ते कसं, ते सांगतोच. पण सुरुवात आपल्या सावेडीपासून करू.

सावेडी आज नगर शहरातच मोडते. पूर्वी ते शहराच्या उत्तरेचं, मनमाड रस्त्याच्या बाजूचं एक गाव होतं. आपल्याकडे रिक्षावाल्याला आपण सहज सांगतो, 'भिस्तबागेला सोड.' भिस्तबाग हे नाव आलं कुठून? फारसी भाषेत बिहिश्त म्हणजे स्वर्ग आणि हश्त म्हणजे आठ. निजामशाहीच्या सुरुवातीच्या काळात, सोळाव्या शतकाच्या आरंभी इथे हश्त बिहिश्त नावाची बाग झाली. मलिक अहमदनं १४९० मध्ये निजामशाही स्थापन केली, नगर शहर वसवलं आणि शहराभोवती अशा बागा उभ्या राहिल्या. भिस्तबागेत तळ्याच्या मधोमध आठ कोनांचा महाल होता आणि शेंडी-वडगावच्या बाजूनं नहरीतून पाणी आणलं होतं. शहराच्या दुसऱ्या अंगाला फराहबक्ष महाल आहे, आपण त्याला फराबाग म्हणतो. तो १५८३ मध्ये पूर्ण झाला आणि तोही तळ्याच्या मध्यभागीच. म्हणजे त्या काळच्या श्रीमंतांच्या मनात बाग म्हणजे आधी पाणी, मग झाडं, असंच होतं.

आता हे लक्षात घ्या की ज्या मुलखात ही पाण्यातली बाग केली, तो मुलूख कसला आहे. सह्याद्रीवर ढग रिकामे होतात आणि मग उरलेसुरले आपल्याकडे येतात. नगरच्या भागात वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही लहरी. एखाद्या वर्षी दोन पावसांमध्ये महिना महिना जातो. चौदाव्या शतकाच्या अखेरीस पडलेला दुर्गादेवीचा दुष्काळ लोकांच्या तोंडी शतकानुशतकं राहिला. १६३० चा दुष्काळ आला तेव्हा निजामशाही शेवटच्या घटका मोजत होती. १६३६ मध्ये ती संपली. नहरी साफ करणारं, खापरी नळ बदलणारं राज्य गेलं आणि एकेक करून नहरी बुजत गेल्या. पाणी तुटलं तशी बागही तुटली. आज भिस्तबागेत महालाचे दगड उभे आहेत, स्वर्ग मात्र कुठे दिसत नाही.

या नावातली आणखी एक गंमत सांगायची राहिली. कातड्याच्या पखालीतून पाणी वाहणाऱ्या माणसाला आपल्याकडे भिस्ती म्हणत. तो शब्दही याच बिहिश्तातून आला. उन्हात तहानलेल्याला पाणी पाजणारा तो स्वर्गातला माणूस, अशी त्यामागची भावना. मैत्रिणींनो, मग डोक्यावर दोन आणि कमरेवर एक हंडा घेऊन टँकरपासून घरापर्यंत जाणाऱ्या बाईला काय म्हणायचं? तिला कोणी स्वर्गातली म्हटलेलं आम्ही ऐकलं नाही. 'आज एवढा उशीर का?' एवढंच ऐकलं आहे.

१९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या थोरल्या बायकांना आजही आठवतो. खडी फोडायला, नाला बांधायला, पाझर तलावाची माती वाहायला बायका हजारोंनी कामावर गेल्या. लेकरं झाडाखाली झोळीत आणि खायला सुकडी. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. तो १९७७ मध्ये संमत झाला. त्या वर्षी प्यायला पाणी नव्हतं, तिथे फुलझाडाला कोण घालणार? मोगरा, गुलाब, शेवंती, ही पाण्यावर जगणारी झाडं अशा वर्षात आधी जातात. टिकतात ती कण्हेर, कोरांटी, तरवड आणि सदाफुली. म्हणून कोरडवाहू गावातल्या अंगणाचा इतिहास लिहायचा तर तो याच झाडांचा लिहावा लागेल. बाईनं भांडी घासल्यावर उरलेला तांब्याभर पाण्यात जी बाग जगते, तीच आपल्या मुलखाची खरी बाग.

सदाफुली एवढ्या कमी पाण्यात जगते कशी? तिची पानं जाड, चकचकीत असतात. त्यांवर मेणासारखा पातळ थर असतो, त्यामुळे पाण्याची वाफ लवकर होत नाही. पान किंवा देठ मोडलं की दुधासारखा चीक येतो आणि चव कडू जहर असते, म्हणून जनावरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. शेळीसुद्धा हुंगते आणि पुढे जाते. शेळी ज्या झाडाला सोडते, ते झाड आपल्या गावात टिकणारच! त्यातून ती एकदा लावली की दोन-तीन वर्षं राहते आणि मरायच्या आधी आजूबाजूला बी टाकून ठेवते. आपण म्हणतो, 'सदाफुली आपोआप आली.' आपोआप काही येत नाही, आधीच्या झाडानं तयारी केलेली असते.

आता ती मूळची कुठली? नाव इतकं घरचं आहे की ती इथलीच वाटते. पण ती पाहुणी आहे. आफ्रिकेच्या पूर्वेला समुद्रात मादागास्कर नावाचं मोठं बेट आहे, ते तिचं माहेर. तिथे ती वाळूत, खडकाळ जागी आपोआप वाढते. सतराव्या शतकात तिथे राहिलेल्या एका फ्रेंच अधिकाऱ्यानं, एत्येन द फ्लाकूर याचं नाव, बेटाविषयी पुस्तक लिहिलं. त्यात या झाडाचं वर्णन आहे. पुढे बी पॅरिसच्या राजबागेत पोचलं. तिथून ते लंडनजवळच्या चेल्सी इथल्या औषधी बागेत गेलं आणि फिलिप मिलर या माळ्यानं अठराव्या शतकाच्या मध्यात तिथे रोपं वाढवली. १७५९ मध्ये लिनियस या स्वीडनच्या शास्त्रज्ञानं तिला शास्त्रीय नाव दिलं. मग जहाजांबरोबर, बागांबरोबर ती जगातल्या सगळ्या उष्ण देशांत पसरली. तशीच आपल्याकडेही आली आणि इथलीच झाली.

आली ती नुसती राहिली नाही, प्रत्येक भाषेनं तिला नाव दिलं. हिंदीत ती सदाबहार आणि सदासुहागन. बंगालीत नयनतारा, गुजरातीत बारमासी, तमिळमध्ये नित्यकल्याणी. हिंदीवाल्यांनी तिचं नाव सौभाग्याशी जोडलं. आपल्या मराठीनं मात्र साधं ठेवलं, सदा फुलते ती सदाफुली. आम्हाला आपलं नाव जास्त आवडतं. कुंकू असो की नसो, नवरा असो की नसो, फूल माळायला आणि झाड लावायला त्यात आडकाठी नाही.

या सदाफुलीची एक धाकटी बहीण मात्र खरोखर आपल्या देशातली आहे. सदाफुलीच्या कुळातल्या जवळजवळ सगळ्या जाती मादागास्करच्या, फक्त एक भारत-श्रीलंकेतली. ती वीतभर उंचीची, बारीक पांढऱ्या फुलांची असते आणि पावसाळ्यात शेतात, बांधावर तण म्हणून उगवते. खुरपताना आपण ती उपटूनही टाकली असेल. पुढच्या खुरपणीला जरा निरखून बघा.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. ही गोष्ट नीट ऐका, कारण ती ऐकून काही घरांतली एक सवय मोडावी अशी आमची इच्छा आहे.

वेगवेगळ्या देशांत लोक सदाफुलीच्या पानांचा काढा साखरेच्या आजारावर घेत. वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावरही घेत. १९५२ मध्ये जमैकातून एक पाकीट कॅनडातल्या टोरांटो शहरात डॉक्टर क्लार्क नोबल यांच्याकडे आलं. आत सदाफुलीची २५ पानं होती. सोबत निरोप असा की इथे इन्सुलिन मिळत नाही तेव्हा लोक या पानांचा चहा पितात, जरा तपासून बघा. क्लार्क नोबल यांनाच हे पाठवण्याला अर्थ होता. १९२१-२२ मध्ये टोरांटोतच इन्सुलिनचा शोध लागला होता आणि विद्यार्थी असताना त्यांनी त्या कामात भाग घेतला होता. पण आता ते संशोधनातून बाहेर पडले होते. त्यांनी पाकीट आपल्या भावाला, डॉक्टर रॉबर्ट नोबल यांना दिलं. रॉबर्ट कॅनडातल्याच लंडन नावाच्या गावी विद्यापीठात संशोधन करत होते.

रॉबर्ट नोबल यांनी पानांचा अर्क उंदरांना दिला. पोटातून दिला तर रक्तातल्या साखरेवर काही परिणाम दिसेना. मग तोच अर्क टोचून दिला. साखर तरीही उतरली नाही, पण उंदीर काही दिवसांत मरू लागले. कशानं? साध्या जंतूंच्या लागणीनं. तपासलं तेव्हा कळलं की त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कमी झाल्या होत्या. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. राखणदारच गेल्यावर कुठलाही जंतू आत शिरणार.

दुसऱ्या कोणी 'हे औषध कामाचं नाही' म्हणून पानं फेकून दिली असती. नोबल यांनी उलटा विचार केला. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. मग जे द्रव्य पांढऱ्या पेशी कमी करतं, ते त्या रोगावर चालेल का? १९५४ मध्ये चार्ल्स बिअर हे रसायनशास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर आले आणि त्यांनी पानांतलं ते द्रव्य वेगळं काढलं. १९५८ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं. त्याचं नाव विनब्लास्टिन. त्याच सुमारास अमेरिकेत इलाय लिली या औषध कंपनीत गॉर्डन स्वोबोडा आणि त्यांचे सहकारीही याच झाडावर काम करत होते. साखरेचं औषध म्हणून झाड हातात घेतलं आणि सापडलं कर्करोगाचं, असं तिथेही घडलं. तिथे विनक्रिस्टिन हे दुसरं द्रव्य मिळालं. १९६३ मध्ये अमेरिकेत ते वापरायला परवानगी मिळाली.

लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर विनक्रिस्टिन इतर औषधांच्या जोडीनं देतात. त्याआधी हा रोग झालेलं लेकरू बहुधा वाचत नसे. आता चांगल्या इस्पितळात वेळेवर आणि पूर्ण उपचार मिळाले तर दहातली आठ-नऊ मुलं बरी होतात. त्याचं श्रेय एकट्या सदाफुलीचं नाही, पण तिचा वाटा फार मोठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ही दोन्ही औषधं आहेत. आपल्या देशात तमिळनाडूत सदाफुलीची शेती होते, तीही कोरड्या, हलक्या जमिनीत. शेकडो किलो सुकी पानं तेव्हा कुठे चिमूटभर औषध निघतं.

आता ती सवय. आपल्याकडे बऱ्याच घरांत साखरेच्या आजारावर रोज सकाळी उपाशीपोटी सदाफुलीची दोन-चार पानं किंवा फुलं चावून खातात. कोणी सांगितलेलं असतं, कोणी मोबाइलवर वाचलेलं असतं. काही जणी त्या भरवशावर डॉक्टरांची गोळी बंद करतात. 'झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार?' असं आपण म्हणतो. मैत्रिणींनो, याच झाडपाल्यातून पेशी मारणारं औषध निघालं, हे आत्ताच ऐकलंत. ते औषध इस्पितळात रक्त तपासून, थेंबांचा हिशेब करून शिरेतून देतात. तरी केस गळतात, हातापायाला मुंग्या येतात, पांढऱ्या पेशी कमी होतात. या झाडात शंभराहून जास्त वेगवेगळी तीव्र द्रव्यं आहेत. कुठल्या पानात कुठलं किती, हे बघून सांगता येत नाही. झाड कोवळं की जून, पाऊस झाला की ताण पडला, यावर ते बदलतं. मग दोन पानं म्हणजे किती औषध, आणि किती विष, हे ठरवायचं कोणी?

म्हणून आमचं सांगणं स्पष्ट आहे. सदाफुली खाऊ नका, तिचा काढा पिऊ नका. गरोदर बाईनं आणि अंगावर पाजणाऱ्या आईनं तर मुळीच नाही. साखर असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या, गोळी नियमानं घ्या, आणि पानं आधीपासून खात असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. आशाताईंना विचारा, त्या सोबत येतील. आणि उलट बाजूही तेवढीच खरी. कोणाच्या लेकराला सतत ताप, अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त, खूप थकवा असं दिसलं तर अंगारे-धुपारे करत बसू नका, रक्त तपासा. याच फुलाचं औषध त्या लेकराच्या कामी येऊ शकतं, पण इस्पितळातून. अंगणातून नाही.

या इतिहासात एक बाजू अशी आहे जी आम्हाला बायका म्हणून टोचते. नोबल, बिअर, स्वोबोडा ही नावं पुस्तकात आली आणि ती यायलाच हवीत, कष्ट त्यांचे होते. पण या पानात काहीतरी आहे हे जगाला आधी सांगितलं ते काढा करून देणाऱ्या माणसांनी. घरात काढा कोण उकळतं, हे आपल्याला माहीत आहे. त्यांचं एकही नाव कुठे नोंदलेलं नाही. आणि मादागास्कर, झाडाचं माहेर, जगातल्या गरीब देशांपैकी एक, त्याला या औषधांच्या नफ्यात वाटा मिळाला नाही. तेव्हा तसा नियमच नव्हता. १९९२ मध्ये जैवविविधतेचा जागतिक करार झाला आणि आपल्या देशात २००२ मध्ये जैवविविधता कायदा आला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावातली झाडं, बियाणं, त्यांचे उपयोग, ते जाणणारी माणसं, सगळं त्यात लिहायचं. समितीत बायकांना जागा राखीव आहेत.

पुढच्या ग्रामसभेत एक प्रश्न विचारा: 'आपल्या गावाची नोंदवही कुठे आहे? ती वाचून दाखवा.' गटाच्या बैठकीत थोरल्या बायकांना बोलतं करा. कुठलं झाड दुष्काळात टिकलं, कोणत्या वर्षी काय जळालं, कोणता पाला भाजीचा आणि कोणता विषारी, हे त्यांच्याजवळ आहे. पानाचा वापर लिहिताना धोकाही लिहा. नोंदलेलं ज्ञान तपासता येतं. तोंडी राहिलेलं एक तर हरवतं, नाही तर चुकीचं होऊन फिरत राहतं, जसं साखरेवर सदाफुली हे फिरत राहिलं.

आता शेवटी लावायचं कसं ते सांगतो, कारण झाड वाईट नाही, ते तोंडात टाकणं वाईट. फूल गळल्यावर जोडीजोडीनं बारीक शेंगा येतात. त्या हिरव्याच्या पिवळट झाल्या की तडकायच्या आधी काढा. आत काळं बारीक बी असतं. सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा. पावसाच्या तोंडावर मातीत पेरा आणि वरून मातीचा पातळ थर द्या, कारण हे बी अंधारात चांगलं रुजतं. रोप बोटभर झालं की हातभर अंतरावर लावा. काळ्या जमिनीत मुरूम किंवा वाळू मिसळा, नाही तर उंचवट्यावर लावा. सदाफुलीला ताण सोसतो, साचलेलं पाणी सोसत नाही, मूळ कुजतं. ऊन भरपूर हवं. शेंडा एकदा खुडला की झाड डेरेदार होतं. रोप धरेपर्यंत थोडं थोडं पाणी लागतं, नंतर तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी पुरतं. छाटणी केल्यावर हात साबणानं धुवा आणि लहान मुलांना पानं तोंडात घालू देऊ नका.

अंगणवाडीपुढे, शाळेच्या कुंपणाला, गटाच्या बैठकीच्या ओट्याजवळ, जिथे रोज पाणी घालणारं कोणी नाही, तिथे ही लावा. निजामशाहीनं आपल्या गावात आठ स्वर्गांची बाग केली, ती पाण्यावर उभी होती आणि पाण्याबरोबर गेली. आपल्याला तेवढी मोठी बाग करायची नाही. एक हंडा वाचवून जी जगेल, एवढीच करायची आहे. यंदा बी धरून ठेवा आणि शेजारणीला पुडी द्या. पुडी देताना दोन शब्द मात्र सांगायला विसरू नका: 'लाव, पण खाऊ नको.'